दोन कुलुपं

माझं आजोळ बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावरचं. मावशीच्या गल्लीतल्या शेवटच्या दोन घरांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लागतं, ते उन्हाळ्यातच निघतं. एका दाराला चपटं पितळी कुलूप, इतकं झिजलेलं की त्यावरचं नाव पुसून गेलंय. दुसऱ्या दाराची कडी तुटकी, म्हणून तिच्यातून तार ओवून त्या तारेला कुलूप. लहानपणी सुट्टीत गेलो की त्या दारांवरून विहिरीकडे जायचो. घरातली माणसं कुठं गेली, असं कुणी विचारायचं नाही. साखर कारखान्याला ऊस तोडायला गेलीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं.

पुढे मी संख्याशास्त्र शिकले. अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं, औरंगाबादला एम.एस्सी. नोकरी लागण्याआधी दोन वर्षं घरोघर फिरून आरोग्य सर्वेक्षणात उंची-वजन घेण्याचं काम केलं. आता पुण्यात बसून अशाच सर्वेक्षणांच्या आकड्यांवर काम करते. गरिबाच्या आणि श्रीमंताच्या तब्येतीत किती अंतर आहे ते मोजायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. त्या दोन कुलुपांबद्दल लिहायचं कितीतरी दिवस मनात आहे, कारण मोजणीचं एवढं शास्त्र शिकूनही ती दोन घरं मला कुठल्याच तक्त्यात सापडलेली नाहीत.

मोजणी होते कशी, ते आधी सांगते. तब्येत मोजणं त्यातल्या त्यात सोपं. काटा असतो, उंचीची फळी असते, बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन कळतं. अवघड असतं ते घराची ऐपत मोजणं. खेड्यात ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कधी मजुरी मिळते, कधी कापसाचे पैसे येतात, कधी शेळी विकली जाते, मधले चार महिने हातउसन्यावर निघतात. सरळ माणूससुद्धा याचं सरळ उत्तर देऊ शकत नाही. म्हणून विचारायच्या त्या वस्तू. गादी आहे का? प्रेशर कुकर? खुर्ची, खाट, टेबल? पंखा? घड्याळ? शिलाई मशीन? सायकल, मोटारसायकल, बैलगाडी? पाण्याचा पंप, मळणी यंत्र, ट्रॅक्टर? फरशी आहे की मातीची जमीन, वर स्लॅब आहे की पत्रा, पाणी कुठून आणता, संडास आहे का, असला तर तो फक्त तुमचाच की शेजाऱ्यांबरोबर, स्वयंपाक मुख्यतः कशावर करता? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या मोठ्या सर्वेक्षणाची यादी जवळपास अशीच आहे. हे सर्वेक्षण मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून करते आहे, आणि २०१९-२१ ची त्याची पाचवी फेरी होती.

वस्तूंच्या यादीवरून ऐपत काढण्याची रीत रुळवली ती डिऑन फिल्मर आणि लँट प्रिटचेट या दोन अर्थतज्ज्ञांनी. २००१ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात वापरलेली आकडेवारी आपलीच होती, त्याच १९९२-९३ च्या पहिल्या फेरीची. प्रत्येक वस्तूला किती गुण द्यायचे हे माणूस ठरवत नाही. कुठल्या वस्तू एकमेकींच्या संगतीनं सापडतात, ते गणित शोधतं. फ्रीज असलेल्या घरात बहुतेकदा टीव्हीही असतो, फरशीही असते, म्हणून फ्रीजला जास्त गुण. बैलगाडी मात्र मातीच्या घरांच्या संगतीनं सापडते. त्यामुळे बैलगाडीचे गुण उणेसुद्धा येऊ शकतात, मग त्या बैलजोडीवर एखाद्या शेतकऱ्याचा जीव का असेना. सगळे गुण जमवले की देशातल्या सगळ्या माणसांची सर्वांत गरिबापासून सर्वांत श्रीमंतापर्यंत एक रांग लागते, आणि त्या रांगेचे पाच सारखे भाग करतात. तेच पंचमांश.

मी ही रीत हिणवत नाही. तिच्यामुळे जे दिसतं ते तिच्याशिवाय दिसलंच नसतं. पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानानं बुटकी निघाली. ही झाली सरासरी. तीच आता पंचमांशात फोडून बघा. सर्वांत खालच्या भागात ४६ टक्के आणि सर्वांत वरच्या भागात २३ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट. आईच्या शिक्षणाप्रमाणे फोडली तरी शाळेचं तोंड न पाहिलेल्या आयांच्या मुलांमध्ये ४६, बारावी आणि पुढे शिकलेल्यांच्या मुलांमध्ये २६. महाराष्ट्राचं तर आणखीच लागतं. आपण पैसेवाल्या राज्यांत गणले जातो, पण २०१५-१६ साली बुटकी मुलं ३४.४ टक्के होती, ती पाचव्या फेरीत ३५.२ झाली. आणि उंचीच्या मानानं वजन कमी असणारी, म्हणजे लुकडी मुलं देशात १९.३ टक्के असताना आपल्याकडे २५.६ टक्के. चार पोरांमागे एक. राज्याचं दरडोई उत्पन्न सांगताना हा आकडा शेजारी ठेवायला कुणी तयार नसतं.

आता एका घरात नेते.

जानेवारी महिना होता. शेजारच्या तालुक्यातल्या एका तांड्याजवळच्या वस्तीवर आमची तुकडी उतरली होती. सर्वेक्षण कुणाचं ते सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. यादीप्रमाणे आमच्या वाट्याला बावीस घरं आली होती, त्यांतल्या नऊ घरांना कुलूप. उघड्या घरांपैकी एका घरात सत्तावीस वर्षांची बाई होती. तीन लेकरं, धाकटी दोन वर्षांची. घर घरकुल योजनेतलं, दोन खोल्यांचं, वर स्लॅब. आत रंगीत टीव्ही, बाहेर मोटारसायकल, ओट्यावर गॅस. माझी मैत्रीण प्रश्न विचारत होती आणि एकेका ‘हाय’ला बाईचं घर रांगेत वरवर सरकत होतं. मधल्या पंचमांशात तर नक्कीच गेलं असणार.

‘स्वयंपाक मुख्यतः कशावर करता?’

‘गॅसवर.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘हितं असले म्हंजी गॅसवर. तिकडं कोपीवर चूलच. पाचट, चिपाडं, जे घावंल ते.’

फॉर्मवर चौकट एकच होती. मैत्रिणीनं गॅस लिहिला. नियमानं तेच बरोबर होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या मोकळ्या माळावर बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद घालून केलेलं खोपट. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हेच घर. कामाला जातो तो ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती अंगावर फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो, आणि तो नुसती मजुरी बुडवत नाही, वर दंडही लावतो. त्या बाईच्या दारातली मोटारसायकल उचलीतूनच आली होती. आमच्या यादीत मोटारसायकलीला गुण होते. उचलीबद्दल प्रश्नच नव्हता.

मग ती बाई हंगामाच्या ऐन भरात घरी कशी? कारण दीड महिन्यापूर्वी तिची पिशवी काढली होती. गर्भाशय काढण्याला आमच्याकडे हेच म्हणतात, दाढ काढली म्हणावं इतक्या सहज. नवरा त्याच्या भावाबरोबर कोयता लावून गेला होता. ती लेकरांना घेऊन मागं राहिली होती, म्हणून आमच्या सर्वेक्षणात सापडली. ऑपरेशन झालं नसतं तर दहावं कुलूप तिच्याच दाराला असतं.

मी धाकटीला फळीपाशी उभं केलं. हे काम वाटतं तितकं साधं नाही. टाचा, ढुंगण, खांद्याची पाती आणि डोकं, चारही फळीला टेकलेले हवेत. गुडघे एका हातानं दाबून धरायचे, हनुवटी दुसऱ्या हातात घ्यायची, नजर समोर हवी. डोक्यावर केसांचा झुटू बांधलेला होता, तो आधी सोडायला लावला, कारण झुटूनंसुद्धा अर्धा सेंटिमीटर वाढतो. पोरगी रडली नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी मुठीत धरून उभी राहिली. वरची पट्टी टेकवून मी वाचलं, ८०.२. मैत्रिणीनं मोठ्यानं परत म्हटलं, ८०.२. तसं परत म्हणायचीच पद्धत आहे.

आता प्रश्न वयाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बरोबर चोवीस महिन्यांच्या मुलीची मधली उंची ८५.७ सेंटिमीटर आहे, आणि ७९.३ च्या खाली गेली तर ती बुटकी धरतात. सव्वीस महिन्यांच्या मुलीला तीच रेघ ८०.८ वर असते. म्हणजे ही पोरगी चोवीस महिन्यांची असेल तर रेघेच्या वर, सव्वीसची असेल तर खाली. जन्म कुठला? आई म्हणाली, कोपीवरच झाली. कार्ड तिकडच्या दवाखान्याचं होतं, ते सामानात कुठंतरी गेलं. तारीख? ‘कारखाना सुरू झाला तवा. का जरा मागनं? थंडी लई व्हती.’ कारखाना सुरू झाला तेव्हा म्हणजे नोव्हेंबर, कडाक्याची थंडी म्हणजे जानेवारी. आम्ही सणांवरून वय काढतो. दिवाळीआधी की नंतर, संक्रांतीला बाळ किती दिवसांचं होतं? फडात संक्रांत झालीच नव्हती. अर्धा तास त्यात गेला. शेवटी सासूला आठवलं, की बारशाला हरभऱ्याचा ओला डहाळा खाल्ला होता, म्हणून जन्म जानेवारीच्या आसपासचा धरला. चोवीस महिने. पोरगी रेघेच्या वर गेली, आणि राज्याच्या आकड्यात एक मूल चांगलं वाढलेलं म्हणून नोंदलं गेलं.

‘ताई, बरूबर हाय ना पोरीचं?’ आईनं विचारलं. मी हो म्हणाले. फॉर्मप्रमाणे खरं होतं ते.

पिशवीबद्दल त्या दिवशी फॉर्मवर एक खूण झाली, पण मला ती पुरी पडली नाही. म्हणून नंतर जेव्हा कुणीतरी नीट मोजायला बसलं तेव्हा मी ते आकडे घोकून ठेवले. २०१९ साली बीडमधल्या या प्रकाराची चर्चा झाली, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. देशपातळीवरच्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं. दोन्ही आकडे असे शेजारी ठेवणं शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. दोन्हीकडच्या बायकांची वयं सारखी नसणार, आणि वयाप्रमाणे हे प्रमाण बदलतं. पण पाचपटीचं अंतर नुसत्या वयानं भरून निघत नाही.

ते का होतं, हे त्या बाईनंच सांगितलं होतं, चहा टाकता टाकता. पहाटे चारला फड गाठायचा. बारा-पंधरा तास वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायच्या. संडास नाही, पाणी टँकरचं, पाळी आली तरी खाडा परवडत नाही. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एकदा सुरू झालं की थांबत नाही. हंगाम संपवून गावी आलं की दवाखाना. तिथं एका भेटीत ऐकायला मिळतं, पिशवी खराब झालीये, पुढं कॅन्सर होईल, तीन लेकरं झालीत, आता हवी कशाला? गोळ्या-औषधं महिनोन्‌महिने घ्यायला ती गावात असते कुठं? काढली की एकदाचं मिटतं. त्यासाठी पैसे? पुढच्या हंगामाची उचल. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर तरुण वयातच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होत जातात, घामाच्या वाफा सुरू होतात, आणि त्याच कंबरेनं पुन्हा मोळी उचलायची असते. त्या गाजावाजानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. जिल्ह्यापुरतं हे पाऊल मोठं होतं, आणि ते पडलं कारण कुणीतरी ८२,३०९ बायकांपाशी जाऊन विचारलं होतं.

इथं मला लंडनची आठवण येते, तीही अगदी पांढरपेशांची. १९६७ पासून तिथल्या सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यातून मायकल मार्मट या साथरोगतज्ज्ञांनी दाखवलं, की उपाशी कुणी नसताना, पगार सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला मिळत असताना, तळच्या श्रेणीतल्या शिपाई-दारवानांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट होतं. मधल्या श्रेणी मध्येच होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. १९८५ ला दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. त्यातून कळलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयाशी संबंध आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोयत्याची बाई दिसली. कधी उठायचं, कधी थांबायचं, पोटात दुखतंय म्हणून बांधावर घटकाभर बसायचं की नाही, यातलं काहीही तिच्या हातात नाही. वस्तूंच्या यादीत हा ताबा कुठल्या रकान्यात लिहिणार? मोटारसायकल असलेली बाई आणि मोटारसायकल असलेली तलाठ्याची बायको या दोघी एकाच पंचमांशात बसतात, आणि एकीची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी गेलेली असते.

तरीही यादीतल्या त्रुटी दुरुस्त होतील. दोन प्रश्न वाढवले तर उचल कळेल. माझी खरी बोच वेगळी आहे. ती त्या नऊ कुलुपांची आहे.

नियम असा, की कुलूप दिसलं तर वेगवेगळ्या वेळी जायचं, निदान तीन खेपा करायच्या. आम्ही केल्या. शेजाऱ्यांना विचारलं. सगळे कारखान्याला. मग फॉर्मवर निकालाचा आकडा लिहायचा असतो, सगळं कुटुंब दीर्घकाळ बाहेरगावी. कुलपाऐवजी शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही, आणि हा नियम चांगलाच आहे, नाहीतर सगळे सोयीची घरं घेतील. आमच्या पर्यवेक्षकांनी सांगितलं, आकडा टाका आणि पुढं चला, यानं तुमचं प्रतिसादाचं प्रमाण खाली येत नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. नंतर कळलं की ते बरोबर बोलत होते. प्रतिसादाचं प्रमाण काढताना भागाकारात खाली फक्त अशी घरं धरतात जिथं माणसं राहत होती. नकार दिला, सापडले नाहीत, ती धरायची. बंद, रिकामी, पाडलेली घरं वगळायची. जगभर हीच रीत आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६,६४,९७२ घरं निवडली होती, त्यांत राहती ६,५३,१४४, मुलाखत झाली ६,३६,६९९ घरांची. प्रतिसाद जवळपास ९८ टक्के. राहत्या घरांवर काढला तर आकडा अगदी बरोबर आहे. मधली ११,८२८ घरं मात्र ना वर धरली गेली ना खाली. ती सगळी स्थलांतरितांची असतील असं मी मुळीच म्हणत नाही. पडकी असतील, विकलेली असतील. पण देशाच्या बेरजेत ही संख्या चिमूटभर आहे आणि जानेवारीत आमच्या त्या वस्तीवर बावीसातली नऊ होती. कुलुपं सगळीकडे सारखी वाटलेली नसतात. जिथं पोट भरत नाही तिथंच ती दाटीनं लागतात.

आणि ती माणसं तिकडे, कारखान्याच्या माळावर तरी मोजली जातात का? तिथली घरयादी सर्वेक्षणाच्या काही आठवडे आधी तयार होते. कोपी आज या फडाला, महिन्यानं पुढच्या. यादी करणारा येतो तेव्हा तिथं नुसता मोकळा माळ असू शकतो.

यानं हिशेब किती बिघडतो, ते एकदा मी वहीच्या मागच्या पानावर करून बघितलं. तेच इथं मांडते, कारण हे कुणालाही करता येईल. विषमता एका आकड्यात सांगायची रीत १९९१ साली ॲडम वॅगस्टाफ, पिएरेल्ला पाची आणि एडी व्हॅन डोर्सलार यांनी पुढे आणली. एक गल्ली धरा, पाच वर्षांखालची दहा पोरं. सर्वांत गरीब घरातलं पहिलं, सर्वांत पैसेवाल्या घरातलं दहावं, अशी रांग लावा. पहिल्याची जागा ०.०५, दुसऱ्याची ०.१५, असं करत दहाव्याची ०.९५. आता बुटकी पोरं कुठं उभी आहेत ते बघा. समजा चार आहेत, पहिलं, दुसरं, पाचवं आणि आठवं. त्यांच्या जागा ०.०५, ०.१५, ०.४५ आणि ०.७५. सरासरी ०.३५. दुप्पट केली, ०.७०. त्यातून एक वजा, उणे ०.३०. उणे म्हणजे बुटकेपणा गरिबांकडे गोळा झालाय. शून्य आलं असतं तर रांगेत तसा कल नाही.

आता पहिल्या दोन पोरांच्या घरांना कुलूप लावा.

आठ पोरं राहिली. जागा नव्यानं मोजायच्या. मघाचं पाचवं आता तिसरं झालं, त्याची जागा ०.३१२५. आठवं सहावं झालं, ०.६८७५. सरासरी ०.५०, दुप्पट १, वजा १. शून्य. बुटकी पोरं शंभरी चाळीसवरून पंचविसावर आली, आणि विषमता, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती संपूनच गेली. दोन कुलुपं, बास. गल्लीतलं एकही पोर मिलिमीटरनं वाढलेलं नाही. खरं सर्वेक्षण दहा पोरांचं नसतं, तिथं असं टोकाचं होत नाही, हे मान्य. पण चूक झाली तर बहुधा याच दिशेला होते. जे गळतात ते रांगेच्या तळाचे असतात, म्हणून सरासरीही सुधारते आणि अंतरही कमी होतं, दोन्ही फुकट.

ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांच्याकडे माझं मागणं फार नाही. बीड, परभणी, जालना, धाराशिव या पट्ट्यात घरोघरची मोजणी जून ते सप्टेंबरमध्ये करा, तेव्हा माणसं घरी असतात. गेल्या वर्षभरात सगळं कुटुंब मिळून किती महिने गावाबाहेर होतं, हा एक प्रश्न विचारा. उचल किंवा सावकाराचं देणं किती, हा दुसरा. अहवालात प्रतिसादाच्या टक्क्याशेजारी बंद घरांचा टक्काही जिल्हावार छापा. तो आजही फॉर्मवर असतोच, नवं काही गोळा करायचं नाही, नुसतं छापायचं आहे. आणि हंगामात कारखान्याच्या माळावरच्या कोप्या मोजा, ग्रामपंचायत नसली तरी तिथं ट्रॅक्टरची यादी असते, मुकादमाची असते, टोळीची असते. पैसे चुकते करायला माणसं मोजता येतात, तर लेकरांच्या दंडाचा घेर मोजायलाही ती सापडतील.

गेल्या मे महिन्यात मावशीकडे गेले होते. शेवटची दोन्ही दारं उघडी होती. अंगणवाडीतल्या ताईंना म्हटलं, फळी आणि काटा घेऊन जाऊ का? त्या स्वतःच बरोबर आल्या. पितळी कुलपाच्या घरात दोन लेकरं निघाली, तारेच्या घरात एक. तिन्ही मापं आम्ही दोघींनी दोनदा वाचली. पितळी कुलपाच्या घरातला थोरला साडेचार वर्षांचा. दंडाला पट्टी लावली, पिवळ्यावर थांबली. त्याच्या बहिणीची लालच्या अगदी काठावर, ११.६. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, त्याची हद्द ११.५ सेंटिमीटर आहे. ताईंनी रजिस्टर काढलं तर तिचं नाव ऑक्टोबरपर्यंत होतं, पुढचे सहा रकाने आडव्या रेघेनं भरलेले, वर लिहिलेलं, ‘स्थलांतर’. सातव्या रकान्यात त्यांनी ११.६ लिहिलं आणि तिच्या आईला पोषण आहाराचं पाकीट आणि डॉक्टरांच्या भेटीची तारीख दिली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. पितळी कुलूप आत खुंटीला टांगलेलं होतं, किल्ली त्यातच.